सहा ठोके आणि न हलणारा लीव्हर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला भुताटकीच्या व्हिडिओ गेमवरचा लेख वाचला. सगळा भर चित्रांवर आणि रक्तावर. मी रेल्वेच्या केबिनमध्ये तीस वर्षं सिग्नल पाडणारे आणि रूळ बदलणारे लीव्हर ओढले; गेममधलं ओ की ठो कळत नाही. पण नातवाने सुट्टीत ‘आयर्न लंग’ (२०२२) दाखवला. रक्ताच्या समुद्रात एक खटारा पाणबुडी, बाहेरचं काही दिसत नाही. नकाशावरचे आकडे बघत बटणं दाबायची आणि फोटो काढला तरच समोर काय आहे ते कळणार. म्हटलं, ही तर आमची नाइट ड्यूटी!

नातू कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी असाच गेम करतोय. वर खोलीत बसून खाणीतला रोबो चालवायचा. म्हणाला, “आजोबा, भीतीच वाटत नाही. टीव्हीचा रिमोट दाबल्यासारखं वाटतं.”

म्हटलं, अरे, तुझा लीव्हर फारच गुणी आहे. आमचा बघ. खटका दाबून ओढला की आधी नुसती ढिली तार हाताला लागायची. मग ती ताणली जायची, आणि शेवटच्या हातभर अंतरात पाऊण किलोमीटरवरच्या सिग्नलचं वजन खांद्यात उतरायचं. वैशाखात तार सैल पडे, तेव्हा लीव्हर पुरा ओढूनही पाता, म्हणजे सिग्नलचा हात, अर्धवटच पडायचा. रात्री तर गंमतच. सिग्नलच्या दिव्याला मागून एक बारीक भोक असतं, त्याचा उजेडाचा ठिपका केबिनमधून दिसतो. पाता पडला की तो ठिपका झाकला जातो. म्हणजे काम झालं की अंधारातला उजेड विझणार! तो विझेपर्यंत श्वास रोखून धरायचा.

आणि सांधा, म्हणजे गाडीला रूळ बदलून देणारी जोडणी, नीट बसला नसेल तर सिग्नलचा लीव्हर हलतच नाही. इंटरलॉकिंग, म्हणजे लीव्हर एकमेकांत अडकवलेले. गाडी शिट्ट्या मारतेय, तुम्ही पाय रोवून ओढताय, आणि लोखंड ढिम्म. पलीकडचं स्टेशन बोलायचं तेही घंटीने: तीन ठोके म्हणजे गाडी सेक्शनमध्ये, दोन स्टेशनांमधल्या मार्गावर, शिरली, चार म्हणजे बाहेर पडली. सहा म्हणजे धोका. चारनंतर पाचवा ठोका पडला की पोटात गोळा यायचा.

हे ऐकून नातवाने आता गेममध्ये रोबोचं दार दोन टप्प्यांत ओढायला लावलंय, आणि कधीकधी ते अडतं. त्याच्या मित्राकडे प्लेस्टेशन ५ आहे. त्याच्या कंट्रोलरचा ट्रिगर म्हणे बोटाखाली घट्ट होतो. मी दाबून पाहिला. तार ताणल्यासारखं थोडं वाटलं खरं, पण खांद्याला काही नाही.

आमच्या केबिनच्या जागी केव्हाच पॅनेल आलं. बटण दाबा, दिवा लागतो, टीव्हीचा रिमोटच. जिथे जुन्या लीव्हर फ्रेम उरल्या असतील तिथे रेल्वेने अशा मुलांना, रीतसर परवानगी देऊन, एखादा दिवस जाऊ द्यावं. खटक्याचा, कप्प्यांवरून सरकणाऱ्या तारेचा, पलीकडच्या स्टेशनच्या त्या घंटीचा आवाज तरी टिपून घेतील.

कळावे,
एक निवृत्त लीव्हरमन, भुसावळ