मळ्यात विकेट घडवणाऱ्या आबांना

आदरणीय आबा,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र पोस्टाने तुमच्या घरी येईलच, आणि काकींना वाचून दाखवायला तुमचा नातू आहे. तरीही ते सगळ्यांसाठी उघडपणे लिहितोय. मुंबई-ठाण्यात आमच्यासारखे नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी क्रिकेट खेळणारे असंख्य क्लब आहेत. सकाळी किट खांद्यावर टाकून मैदानावर जायचं, आखलेल्या विकेटवर, म्हणजे खेळपट्टीवर, खेळायचं आणि घरी यायचं. ती विकेट आदल्या दिवशी पाणी मारून, रोलर फिरवून कुणी तयार केली, हे विचारायची वेळ सहसा येत नाही. माळ्याचं नाव स्कोअरबुकात नसतं. आमच्या एका मॅचसाठी तुम्ही भाताच्या मळ्यात विकेट कशी केलीत ते निदान कुठेतरी नोंदलेलं असावं, एवढ्यासाठी हे लिहिणं. निघताना तुम्ही बजावलं होतंत, "माझा नाव खंय घालू नको रे." म्हणून तुमचं नाव घालत नाही, वाडीचंही नाही. मालवण तालुका, एवढंच सांगतो.

गणपतीत आमच्यातला एक जण आजोळी आला होता, तेव्हा त्याने तुम्हाला सहज विचारलं की इथे सीझन बॉलची, म्हणजे कातडी कठीण चेंडूची, मॅच होईल असं ग्राउंड आहे का. गावचं मैदान सड्यावर आहे, तसं ते कोकणात बहुतेक ठिकाणी असतं. सडा म्हणजे जांभ्याचा कातळ, वर चार बोटं माती, कुठे तीही नाही. टेनिस बॉलला तो चालतो. सीझन बॉल मात्र त्या कातळावर कसाही उसळतो आणि झेपावणाऱ्या फील्डरचं कोपर-गुडघा सोलवटून निघतो. तुम्ही क्षणभर विचार करून म्हणालात, "सड्यार नको, मळ्यात करूया." त्याने हे आम्हाला येऊन सांगितलं, तेव्हा त्या एका वाक्यामागे किती काम आहे याची आम्हाला कल्पना नव्हती.

पहिलं काम भावकीचं. मळा एकट्याचा नाही. सातबारावर तुमच्या चुलत्यांची, त्यांच्या मुलांची, मुंबईत राहणाऱ्या पुतण्यांची, लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं. मैदानापुरते सलग कुणगे, म्हणजे भाताची खाचरं, मिळवायचे तर प्रत्येकाचा होकार हवा. तुम्ही घरोघरी गेलात, मुंबईकरांना फोन केलेत. कोकणात भावकीला एका कागदावर आणणं म्हणजे काय, हे ज्यांची गावाकडे सामाईक जमीन आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आम्ही कोण, ठाण्याची अनोळखी माणसं. आमच्यासाठी तुम्ही तुमची पत खर्च केलीत. आभाराच्या यादीत मी हे सगळ्यात वर ठेवतो.

मग विकेट. डिसेंबरात मी जागा बघायला आलो होतो, ती संध्याकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. भात कापून झालं होतं आणि मधल्या मोठ्या कुणग्यात तुम्ही दोरी लावून पट्टा आखला होता, २२ यार्ड लांब आणि १० फूट रुंद. माप नातवाने मोबाईलवर बघून सांगितलं होतं. त्या पट्ट्यातली भाताची धसकटं मुळापासून उपटून टाकलेली. कुदळीने जमीन उकरून ढेकळं फोडलेली, खडे वेचून मेरेवर, म्हणजे बांधावर, रचलेले. मी पोचलो तेव्हा तुम्ही आणि काकी उकिडवे बसून चोपण्याने, म्हणजे लाकडी थापटण्याने, माती चोपत होतात. तुम्ही एका टोकाकडून, काकी दुसऱ्या टोकाकडून, आणि दोघांचे ठोके आपोआप आळीपाळीने पडत होते. दर वर्षी पाऊस सरला की तुळशीच्या लग्नाआधी कोकणातल्या घरापुढचं खळं जसं नव्याने करतात, तीच रीत तुम्ही क्रिकेटच्या विकेटला लावली होती. पाणी मारायचं, ओल जिरू द्यायची, चोपायचं, पुन्हा पाणी. वरच्या थराला चाळलेली वारुळाची माती, कारण ती चिकट आणि घट्ट बसते. शेवटी शेणाचं सारवण.

मी विचारलं, रोलर मागवू का? तुम्ही नको म्हणालात. रोलर बांधांवरून आणायचा कसा, हा एक प्रश्न. शिवाय मळ्याची चिकण माती तुम्हाला चांगली ठाऊक. "ओली आसा तवसर लोणी, सुकली काय दगड," असं म्हणून तुम्ही पट्ट्याच्या कडेचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवलात. तो चिमटीत चुरेना.

आमची काथ्याची मॅट त्यावर अंथरायची होती. मॅटवर खेळणाऱ्यांना माहीत असतं की मॅट निमित्तमात्र, खरं काम खालच्या जमिनीचं. जमीन भुसभुशीत असेल तर चेंडू थांबून येतो, कुठे दबलेली असेल तर तिथे खाली राहतो. कडक आणि सपाट असेल तरच बॅट्समनला पाय टाकायची हिंमत होते आणि बोलरलाही आपल्या मेहनतीचं फळ दिसतं. गेली काही वर्षं आम्ही पैसे भरून ज्या मैदानांवर खेळतो, त्यातल्या कित्येकांपेक्षा तुमच्या मळ्यातली उसळी जास्त खरी होती. हे मी तुमचं मन राखायला लिहीत नाही. आमचा सलामीचा बॅट्समन त्या दिवशी लवकर आऊट झाला, तरी पॅड सोडता सोडता तो हेच म्हणाला.

आणि राखण. भात निघालं की गावची गुरं मळ्यात मोकळी सुटतात, तो त्यांचा हक्कच. ओल्या पट्ट्यावर एका म्हशीचं खूर उठलं तरी सगळं पुन्हा करावं लागलं असतं. म्हणून तुम्ही करवंदीच्या काट्यांची वई, म्हणजे कुंपण, घातलीत आणि मॅचच्या सकाळपर्यंत ती रोज तपासत राहिलात, असं नातवाने सांगितलं. तुम्ही स्वतः यातलं काही सांगितलं नाहीत.

आबा, आदल्या रात्री खळ्यात बसलो होतो तेव्हा मी पालवणकर बाळूंची गोष्ट काढली होती. सगळ्यांनाच ती कळावी म्हणून पुन्हा लिहितो. कोकणातल्या पालवण गावावरून त्यांचं आडनाव. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात ते विकेटवर रोलर फिरवायचे, नेट बांधायचे, आणि साहेब लोकांना सरावासाठी बोलिंग टाकायचे. चर्मकार समाजात जन्म, त्यामुळे पुढे मोठ्या संघातून खेळतानाही त्यांचा चहा मैदानाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात यायचा. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा याच डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने तिथे ११४ बळी घेतले. विकेटची निगा राखणाऱ्या हातांना खेळ किती कळतो, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही. ते ऐकून तुम्ही बराच वेळ गप्प होतात आणि मग एवढंच विचारलंत, "मगे तेका कप्तान केल्यानी काय?" पोरं माझ्याकडे बघत होती. नाही केलं, म्हणालो. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल पुढे १९२३ मध्ये मुंबईच्या धर्मवार सामन्यांतल्या हिंदू संघाचे कप्तान झाले.

मॅचच्या दिवशी नऊला सुरुवात करायचा आमचा हट्ट होता. रात्रभर दव पडलं होतं. तुम्ही पट्टा पेंढ्याने झाकून ठेवला होतात. पेंढा बाजूला सारलात, जमिनीवर तळवा ठेवलात आणि म्हणालात, अजून नाही. माडांच्या मागून ऊन पट्ट्यावर आलं, तरी नाही. तेवढ्यात काकींनी हाक मारली, "पोरांनू, आधी पेज खावा, मगे काय ता खेळा." पेज खाऊन आलो तेव्हा तुम्ही अंगठ्याचं नख मातीत रोवून बघत होतात, एकदा या टोकाला, एकदा मध्ये, एकदा त्या टोकाला. नख आत जाईना, तेव्हा उठलात आणि म्हणालात, "आता घाला मॅट." दहा वाजून गेले होते. तेवढं थांबवलंत म्हणून दुपारीही विकेट जशीच्या तशी राहिली.

खेळाबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्ही मेरेवर बसून सगळं पाहिलंत. वाडीची पोरं जिंकली आणि तो विजय त्यांनी कमावला होता. त्यांच्यातल्या बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पॅड बांधले. टेनिस बॉल साठ ग्रॅमच्या आत, सीझन बॉल दीडशेच्या वर, हा फरक बॅटवरच नाही, मनगटावर आणि मनावरही येतो. पहिली काही षटकं ती पोरं चेंडूपासून लांब होत होती. पाण्यासाठी खेळ थांबला तेव्हा तुम्ही त्यांना जवळ बोलावून काहीतरी सांगितलंत आणि ती मागे सरायची थांबली. दुपारी खारे वारे सुरू झाले, तेव्हा डावखुऱ्या पोराला तुम्ही हाताने नुसती खूण केलीत की बाजू बदल. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, बाजूने त्याचा चेंडू जो वळायला लागला, त्यात आमची अख्खी मधली फळी गेली. अंपायर म्हणून उभा होतो तरी त्याच्या बोलिंगवर आमच्याच माणसांना आऊट देताना मला आनंदच झाला.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. याच तालुक्याने क्रिकेटला सचिन तेंडुलकरचे गुरू रमाकांत आचरेकर सर दिले, त्यांचा १९३२ चा जन्म मालवणचा. आणि तिथल्या पोरांना सीझन बॉल हातात घ्यायला ठाण्याची माणसं यावी लागतात. त्या डावखुऱ्या पोराला आठवड्यातून दोनदा जरी बऱ्या विकेटवर बोलिंग टाकायला मिळाली, तर तो कुठवर जाईल सांगता येत नाही. तुम्ही सुरुवातीलाच एकच अट घातली होतीत की मॅच वाडीतल्या पोरांशी खेळायची, बाहेरून तगडा संघ आणायचा नाही. ती अट का होती, हे मला तेव्हा उमजलं.

आता जेवणाबद्दल. पडवीत दोन पंगती उठल्या. भात, कुळथाची पिठी, भाजलेलं सुकट, वर ताक. मी पिठीचं कौतुक केलं तर काकी वाढता वाढता सहज म्हणाल्या, की यंदा कुळीथ शेजारून आणला, आपल्याकडे पेरलाच नाही. बोलून त्या पुढच्या पानाकडे गेल्या. मला दोन घासांनंतर कळलं. भात काढल्यावर मळ्यात जी ओल उरते तिच्यावर तुमच्याकडे कुळीथ होतो, चवळी होते. आमच्या एका दिवसाच्या खेळासाठी तुम्ही ते कुणगे रिकामे ठेवलेत. वर्षाचा कुळीथ सोडलात आणि त्याबद्दल गणपतीपासून एक शब्द काढला नाहीत. मी जागच्या जागी बोलायला गेलो तर तुम्ही हात हलवून म्हणालात, "जेव आधी." म्हणून आत्ता लिहितोय. आबा, काकी, तुमचे आणि भावकीतल्या प्रत्येक घराचे मनापासून आभार.

संघाच्या बैठकीत ठरलेलं कळवतो. मॅट, दोन पॅडचे जोड, ग्लोव्ह्ज आणि चेंडूंचा डबा तुमच्याकडेच राहू दे, पोरांना वापरू दे. मृग लागायच्या आत मॅट गुंडाळून माळ्यावर टाकायला सांगा, जमिनीवर वाळवी धरेल. पुढच्या वर्षी मळ्यात कुळीथ पेरा. मॅच आपण तो काढून झाल्यावर ठेवू, शिमगा आटोपला की. ऊन जास्त असेल, सकाळी लवकर सुरू करू आणि षटकं कमी करू. विकेट करायला या वेळी आमचे चार-पाच जण चार दिवस आधी येतील, चोपणं धरायला शिकवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुटतं, तेव्हा भावकीशी बोलून माघी गणपतीच्या सुमारास तारीख कळवली तर सगळ्यांची तिकिटं एकत्र निघतील. पोरांच्या बुटांची मापंही नातवाला तेव्हाच पाठवायला सांगा.

तुमचा,
ठाण्याच्या संघाचा चिटणीस