सियांगची पातळी घळईच्या खाली मोजा

महोदय,

ब्रह्मपुत्रेचा तिबेटातला प्रवाह म्हणजे यारलुंग त्सांगपो. तिच्यावरच्या चीनच्या जलविद्युत महाप्रकल्पाचे काम जुलै २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून ‘चीन ब्रह्मपुत्रेचे पाणी तोडणार’ एवढीच चर्चा ऐकू येते. नदीचा मार्ग नकाशावर नीट पाहिला, तर भीती पाणी आटण्याची कमी आणि ते एकदम येण्याची जास्त आहे.

पश्चिम तिबेटात उगम पावलेली त्सांगपो कोरड्या पठारावरून संथपणे पूर्वेला वाहत जाते. पे गावापाशी ती सुमारे २९०० मीटर उंचीवर असते. पुढे नामचा बारवा (७७८२ मीटर) आणि ग्याला पेरी (७२९४ मीटर) या शिखरांमधल्या घळईत शिरते, वळसा घेऊन दक्षिणेकडे वळते आणि गेलिंगजवळ सियांग म्हणून भारतात येते, तेव्हा ७०० मीटरच्याही खाली आलेली असते. प्रकल्पाचा डोळा याच उतारावर आहे. बोगद्यांतून वळण टाळून वीज काढली, तरी पाणी पुन्हा नदीतच सोडावे लागणार. शिवाय ब्रह्मपुत्रेचे बरेचसे पाणी पठाराचे नसून हिमालयाच्या अलीकडच्या पावसाचे आहे.

खरा प्रश्न घळईतल्या दरडींचा. एप्रिल २००० मध्ये यिगोंग या उपनदीवर डोंगर कोसळून मागे तलाव तुंबला. अशा भरावाला सांडवा नसतो. पाणी माथ्यावरून ओसंडले की सुटी माती कापली जाते, वाट रुंदावते, पाणी वाढते, आणि वाढलेले पाणी आणखी माती कापते. पातळी आटोक्यात राहावी म्हणून माथ्यावर चर खणला होता; १० जूनला तोच चर फाकत गेला आणि लोंढ्याने अरुणाचलातील सियांगकाठचे पूल वाहून नेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ग्यालाजवळ हिमनदीचा राडारोडा येऊन मुख्य नदीच अडली. त्या वेळी चीनने कळवले, हे मान्य करायला हवे.

पण पुराच्या काळात चीनने भारताला नदीची माहिती देण्याच्या करारातली व्यवस्था पाहा. माहिती यायची ती नुगेशा, यांगचुन आणि नुशिया या तीन केंद्रांवरून, १५ मे ते १५ ऑक्टोबर या काळात. तिन्ही केंद्रे घळईच्या वर! यिगोंगचे पाणी परलुंग नदीमार्गे घळईतच मिळते. ते नुशियाला दिसणार कसे? २०१८ चा अडथळा तर १७ ऑक्टोबरचा, म्हणजे मुदत संपल्यावरचा. हा करारही २०२३ मध्ये संपला.

नव्या करारात परलुंगच्या संगमाखाली केंद्र हवे आणि नोंदी बारमाही, तासागणिक हव्यात. आपल्या हद्दीत सियांगकाठच्या तुतिंग गावापासून खाली पातळी वाढल्याचा इशारा द्यावाच, पण अकारण घटल्याचाही तितक्याच तातडीने द्यावा. वर नदी अडली की खाली पात्र उघडे पडते, लोक मासे धरायला आत उतरतात, आणि नेमके तेव्हाच त्यांनी काठ सोडून उंचावर जायला हवे असते.

– एक वाचक