बाबा, यंदा माउंट मेरीला चालत जाऊ नका

प्रिय आई-बाबा,

आईचा फोन झाल्यापासून हे पत्र मनात घोळतंय. बाबा, सप्टेंबरात तुम्ही पुन्हा वसईहून वांद्र्यापर्यंत पायी जायचं ठरवलंय म्हणे, गुडघ्यांना पट्टे बांधून. डॉक्टर नको म्हणाले, आई नको म्हणाली, पण तुमचं एकच, मारियामातेच्या नवसाचं देणं राहिलंय. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते. नुकतीच मी इथे एका तीर्थाला पायी जाऊन आले. तिथलं आधी ऐका, मग काय ते ठरवा.

गाव सान आंद्रेस दे तेइशिदो. स्पेनमधल्या गॅलिसिया प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर, सेदेइरा गावाच्या पलीकडे. थोडी दगडी घरं, अंद्रिया प्रेषिताचं एक चर्च, आणि बाजूला समुद्रात कोसळणारे कडे, काही ठिकाणी 600 मीटरहून उंच. स्पेनमधलं याकोब प्रेषिताचं तीर्थ, सान्तियागो दे कोम्पोस्तेला, जगाला ठाऊक आहे. 2024 मध्ये तिथे जवळजवळ 5 लाख यात्रेकरूंची नोंद झाली. तेइशिदोची कथा सुरू होते ती नेमकी याच दुखण्यातून. अंद्रिया नावेत बसून इथे आला आणि पाहतो तर सगळी दुनिया याकोबाकडे चाललेली, याच्या दारात कोणी फिरकत नाही. त्याने प्रभूकडे गाऱ्हाणं नेलं. प्रभू म्हणाला, तू काळजी करू नकोस, जो जिवंतपणी तुझ्याकडे आला नाही त्याला मेल्यावर यावंच लागेल. अंद्रियाची ती नाव खडक होऊन किनाऱ्याशी उभी आहे, लोक बोट दाखवून सांगतात. प्रेषितही रुसतात म्हटल्यावर आई, तू हसशील हे मला माहीत आहे. इथले लोकही ही गोष्ट हसत हसतच सांगतात. पण सांगून झालं की क्रूसाची खूण करतात.

कारण पुढचं सगळं ते खरं धरून चालतात. जो जिवंतपणी गेला नाही त्याचा आत्मा पाल, सरडा, साप किंवा बेडूक होऊन या वाटेने सरपटत जातो. त्यामुळे वाटेत कसलाही किडा-मुंगी मारायची नाही. माझ्या पुढे सेदेइराची एक म्हातारी चालत होती. वाटेत मध्येच एक सरडा ऊन खात पडला होता. तिने काठी आडवी धरून आम्हा सगळ्यांना थांबवलं आणि तो झुडपात जाईपर्यंत हलू दिलं नाही. मग म्हणाली, ‘जाऊ दे बिचाऱ्याला, त्याला आपल्याहून जास्त वेळ लागतो.’ बाबा, पालीला पाहून झाडू शोधणारी मी, त्या दिवशी खाली बघत पाऊल टाकत होते.

एक प्रथा तर मला फारच आवडली. घरातलं कोणी न जाताच वारलं असेल तर नातेवाईक कबरीपाशी जाऊन त्याला आमंत्रण देतात, चल, तेइशिदोला जाऊ. बसने जाणार असतील तर त्याचंही तिकीट काढून एक जागा रिकामी ठेवत. दोन नोव्हेंबरला आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो, नावं घेऊन प्रार्थना करतो, तेव्हा मेलेली माणसं आपलीच राहतात असंच मानतो ना? इथे त्यांना खिडकीशेजारची जागासुद्धा देत.

वाटेवर दगडांचे ढीग लागतात. प्रत्येक यात्रेकरू आपला एक दगड त्यावर टाकतो. समजूत अशी की अंतिम न्यायाच्या दिवशी हे दगड बोलतील, हा माणूस खरंच इथे आला होता, याने शब्द पाळला अशी साक्ष देतील. मी दोन दगड टाकले. एक माझा, एक बाबांच्या नावाचा. बाबा, हे लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

चर्चच्या खाली तीन तोट्यांचा झरा आहे. इच्छा मनात धरून पावाचा तुकडा पाण्यात टाकायचा, तरंगला तर इच्छा पुरी होणार, बुडाला तर नाही. मी तुमच्या गुडघ्यांसाठी टाकला. तरंगला. तरी गोळ्या चालूच ठेवा. बाहेरच्या टपऱ्यांवर कणकेची भाजून रंगवलेली लहान चित्रं मिळतात, होडी, मासा, हात, फूल आणि स्वतः अंद्रिया, दोऱ्यात ओवलेली. मासा म्हणजे घरात अन्नाची ददात नको. तुमच्यासाठी घेतलीत, पुढच्या वेळी आणीन. कड्यांवर एक गुलाबी फुलांचं रोप उगवतं, ते जवळ ठेवलं की प्रेम जुळतं म्हणतात. आई, तुझ्या डोक्यात आता काय येईल ते मला कळतं. ते मी घेतलेलं नाही.

आता तुमच्या देण्याकडे येते. बाबा, तुम्हाला वाटतं की चालण्यातला त्रास हीच फेड, आणि त्रास टाळला तर तो लबाडपणा. ही समजूत फार जुनी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. मध्ययुगात फ्लँडर्समधल्या, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, शहरांची न्यायालयं गुन्हेगारांना शिक्षा म्हणूनच पायी सान्तियागोला पाठवत. पण त्याच काळात पैसे भरून ती यात्रा माफ करून घेता येई. मरताना मृत्युपत्रात पैसे ठेवून आपल्या वतीने दुसऱ्याला चालायला लावणारेही पुष्कळ होते. लोकांनी यावर विनोदही केले. युरोपातला एक जुना चुटका आहे. दोघांना पापनिवेदनानंतर सारखंच प्रायश्चित्त मिळतं, बुटात वाटाणे घालून तीर्थाला चालत जा. एक लंगडत, कण्हत अर्ध्या वाटेवर पोचतो तोवर दुसरा शीळ घालत परत येताना भेटतो. ‘तुला कसं रे जमलं?’ ‘फादरांनी वाटाणे घाल म्हटलं होतं, कच्चे घाल असं कुठे म्हणाले? मी शिजवून घातले.’ हा चुटका मी इथल्या एका वयस्क फादरांच्याच तोंडून ऐकला. ते म्हणाले, देवाला दुखणारा पाय नको असतो, वळलेलं मन हवं असतं.

आणि तुमच्यासारख्या माणसांची सोय चर्चने कधीच करून ठेवली आहे. सान्तियागोच्या वाटेवर व्हियाफ्रांका देल बिएर्सो नावाचं गाव लागतं. पुढे डोंगराची अवघड चढण. तिथल्या याकोबाच्या चर्चला क्षमेचं दार आहे. आजारपणामुळे ज्याला पुढे चालवत नसे, त्याने त्या दारातून आत जायचं, की सान्तियागोला पोचल्याचंच पुण्य त्याला मिळे. त्यांना कोणी अर्धवट यात्रेकरू म्हटलं नाही.

तुम्हाला कायदा आवडतो, म्हणून तोही वाचला. 1983 च्या चर्चच्या कायदेसंहितेतलं कलम 1196 सांगतं की खाजगी नवसातून योग्य कारण असेल तर धर्मग्रामाचे फादर मोकळं करू शकतात, त्यात दुसऱ्या कुणाच्या हक्काला धक्का लागत नसेल तर. कलम 1197 तर त्याहून पुढे जातं. नवस करणारा स्वतःच तो तितक्याच किंवा अधिक चांगल्या कृत्यात बदलू शकतो. झिजलेले गुडघे हे योग्य कारण नसेल तर दुसरं कुठलं असणार?

आईसाठी एक शेवटची कथा, कारण ती आईबापांची आहे. सान्तियागोच्याच वाटेवर सान्तो दोमिंगो दे ला काल्सादाच्या कथीड्रलमध्ये, भिंतीत उंचावर, नक्षीदार दगडी खुराड्यात एक पांढरा कोंबडा आणि एक कोंबडी ठेवतात, जिवंत. 1350 च्या एका दस्तऐवजातही त्यांचा उल्लेख आहे. गोष्ट अशी की एक जर्मन जोडपं मुलाला घेऊन यात्रेला निघालं. सराईतल्या मुलीला तो आवडला, त्याने लक्ष दिलं नाही, म्हणून तिने त्याच्या झोळीत चांदीचा पेला लपवून चोरीचा आळ घेतला. पोराला फाशी झाली. आईबाप रडत सान्तियागोपर्यंत चालत गेले, परतताना पाहतात तर मुलगा फासावर जिवंत, संताने खालून आधार दिलेला. ते न्यायाधीशाकडे धावले. तो जेवायला बसला होता. म्हणाला, तुमचा मुलगा माझ्या ताटातल्या भाजलेल्या कोंबड्यांइतकाच जिवंत आहे. आणि कोंबड्या ताटातून उठून आरवू लागल्या! आजही चर्चमध्ये असताना कोंबडा आरवला तर यात्रा सुखाची होते असं लोक मानतात, आणि मिस्सा चालू असतानाही तो खुशाल आरवतो.

बाबा, तुम्ही हा नवस मी लहानपणी आजारी होते तेव्हा केलात, हे आईने मला सांगितलंय. माझ्यासाठीच चालत होतात ना इतकी वर्षं? मग उरलेलं मी चालले असं धरा. तेइशिदोची मोठी यात्राही 8 सप्टेंबरलाच असते, आपल्या मारियेच्या जन्माच्या सणाला, आणि मी पुन्हा जाणार आहे. मागचा दगड तिथे आहेच. दुसराही तुमच्या नावाने टाकीन.

तुम्ही एवढंच करा. येत्या रविवारी मिस्सेनंतर फादरांना भेटा आणि नवस बदलून मागा. आई, तू सोबत जा, एकटे गेले तर गुडघ्यांचं सांगणारच नाहीत. चालण्याच्या बदल्यात काय करायचं ते तेच सुचवतील. मग सप्टेंबरात दुपारच्या लोकलने जा, गर्दी कमी असते, आणि वांद्र्याहून वर रिक्षा करा. मातेला वाहायला मेणाचा पाय घ्याल तेव्हा दोन घ्या, दोन्ही गुडघे दुखतात. आईच्या पाठीसाठीही बघा काही मिळतंय का.

फादर काय म्हणाले ते मला त्याच दिवशी कळवा.

तुमची लेक