पोर्तुगालला जाताना उतारा न्या, कुंदा नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

युरोप सहलींच्या पानभर जाहिराती सुरू झाल्या की बेळगाव, खानापूर, निपाणीकडून पहिला प्रश्न येतो तो ‘कितीत होईल?’ हा. ‘सात दिवसांत पाच देश’ अशा सहलीत निम्मा वेळ बसमध्ये जातो आणि पैसे पुरे पाच देशांचे लागतात. दोन माणसांना ऊन, समुद्र, जुनी गावे आणि परवडणारे जेवण हवे असेल तर पोर्तुगालसारखा एकच देश दहा रात्री पाहावा. मात्र तो स्वस्त पडेल की महाग, हे बरेचसे तारखेवर ठरते.

जुलै-ऑगस्टमध्ये सगळा युरोप दक्षिणेच्या किनाऱ्यावर उतरतो, खोल्यांचे भाव चढतात आणि आतल्या अलेंतेझु प्रांतात पारा चाळिशी ओलांडतो. आपल्याकडच्या मे महिन्यातून सुटून तिथे जाण्यात काय अर्थ? सीमाप्रश्नावर मत काहीही असो, कर्नाटकातल्या शाळांचे वेळापत्रक इथे आपल्या बाजूने आहे. एप्रिल-मेची सुट्टी आणि दसऱ्याची सुट्टी, दोन्ही तिकडच्या मधल्या हंगामात येतात. महाराष्ट्रातल्या मुलांना दिवाळीपर्यंत थांबावे लागते आणि तोवर लिस्बनला पाऊस धरू लागतो. समुद्रात उतरायचे असेल तर मेपेक्षा ऑक्टोबर बरा. अटलांटिकचे पाणी उन्हाळाभर हळूहळू तापते आणि ती ऊब ऑक्टोबरात शिल्लक असते. मेमध्ये ऊन छान असले तरी लिस्बनजवळच्या पाण्यात पाय घातला की कळ मस्तकात जाते.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, शंका निघाली तर 45 पर्यंत. कागदावर हे सोपे दिसते, पण अडते ते व्हिसा अर्ज केंद्रावरच्या भेटीच्या वेळेवर. एप्रिल-मेमध्ये सगळा देश अर्ज करत असतो. म्हणून मेच्या सहलीसाठी जानेवारी-फेब्रुवारीत आणि दसऱ्याच्या सहलीसाठी जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला अर्ज जावा. गणपती झाल्यावर बघू म्हणणाऱ्यांचा दसरा घरीच होतो. शुल्क जून 2024 पासून प्रौढांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45, त्याखालच्यांना नाही. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला तरी यातले काही परत मिळत नाही.

कोणत्या केंद्रावर जायचे हे राहत्या पत्त्यावरून ठरते. बेळगावचा पत्ता कर्नाटकात आणि वेंगुर्ला रस्त्यावर जरा पुढे गेले की शिनोळीचा पत्ता महाराष्ट्रात. एकाच घरातल्या दोन भावांचे आधार दोन राज्यांचे असतील तर दोघांची केंद्रेही वेगवेगळी निघू शकतात. पणजी चोर्ला घाटातून जवळ पडते म्हणून तिथे अर्ज चालेलच असे गृहीत धरू नये. संकेतस्थळावर आधी आपले राज्य निवडून पाहावे, मगच वेळ घ्यावी. पहिल्यांदा जाणाऱ्याने स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यायचे असतात. ते 59 महिने चालतात आणि 12 वर्षांखालच्या मुलांना माफ असतात. काही एजंट ‘पोर्तुगालची वेळ नाही, दुसऱ्या देशाची मिळते, तिथून टाकू’ असे सुचवतात. नियम असा की ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्याच असतील तर पहिला प्रवेश जिथे, तिथे. बुकिंग एका देशाचे आणि अर्ज दुसऱ्याकडे, हे टेबलावरच उघडे पडते.

आता कागदपत्रे. आपल्या भागातले बहुतेक अर्ज अडतात ते इथे. बँकेच्या उताऱ्यात शिल्लक किती हे पाहतातच, पण पैसा कसा येतो-जातो हेही पाहतात. वर्षभर खात्यात तीस-चाळीस हजार फिरतात आणि अर्जाआधी आठ दिवस पाहुण्यांकडून आलेले तीन लाख एका ओळीत बसलेले असतात. ती ओळ अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. मुदत ठेव मोडून पैसे आणले असतील तर ठेवीची पावती आणि मोडल्याची नोंद जोडावी, म्हणजे शंका राहत नाही.

शेतकऱ्याची अडचण आणखी वेगळी. शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणून विवरणपत्र भरलेले नसते आणि तिकडे आधी तेच मागतात. त्यावर उपाय म्हणजे शेती उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरायला सुरुवात करणे, तेही सहलीच्या वर्षीच न करता दोन-तीन वर्षे आधीपासून. शिवाय कारखान्याची ऊसबिले, बाजार समितीच्या पट्ट्या आणि जमिनीचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सात-बारा) जोडावा. उतारा कन्नडमध्ये असतो, तेव्हा त्याचे इंग्रजी भाषांतर सही-शिक्क्यासह हवे. नुसता कन्नड उतारा जोडला तर तो न जोडल्यासारखाच. नोकरदाराने रजा मंजुरीचे पत्र तारखांसह घ्यावे, सरकारी नोकराने खात्याचे ना-हरकत पत्र.

नावांचे घोळ तर आपल्याकडे पाचवीला पुजलेले. शाळेच्या दाखल्यात नाव आधी आणि आडनावाचे एक अक्षर शेवटी, आधारवर आडनाव आधी, पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा. अर्ज, विमा, विमान तिकीट हे सगळे पासपोर्टवर जसे छापले आहे तसेच, अक्षर न् अक्षर. शहराचे नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृतपणे ‘बेळगावी’ झाले, त्यामुळे जुन्या पासपोर्टवर जन्मठिकाण जुन्या नावाने आणि नव्या आधारवर नव्या नावाने असते. तेवढ्यासाठी पासपोर्ट बदलायला धावू नये. अर्जात पासपोर्टप्रमाणे लिहून सोबतच्या पत्रात एका वाक्यात खुलासा करावा. पासपोर्ट गेल्या 10 वर्षांतला, परतीनंतर किमान 3 महिने चालणारा आणि दोन कोऱ्या पानांचा लागतो. विमा किमान 30,000 युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. साखर, रक्तदाब असेल तर विम्याच्या अर्जात लपवू नये, दावा नेमका त्यावरूनच फेटाळतात. आणि गोव्यातल्या पोर्तुगीज पासपोर्टच्या गप्पांचा या व्हिसाशी काडीचा संबंध नाही.

व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारे तिकीट काढू नये. खोल्याही मोफत रद्द होणाऱ्याच घ्याव्यात, पण खऱ्या. व्हिसा मिळताच त्या रद्द केल्या तर विमानतळावर ‘राहणार कुठे?’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही. भारतातून लिस्बनला थेट विमान नाही. आखाती देश किंवा इस्तंबूलमार्गे गेल्यास प्रवेशाची तपासणी लिस्बनला. फ्रँकफर्ट-पॅरिसमार्गे गेल्यास तिथेच, आणि 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या ठसे-फोटोच्या नव्या पद्धतीमुळे त्या रांगा लांबल्या आहेत. दीड तासाची जोडणी स्वस्त दिसली तरी घेऊ नये, तीन तास ठेवावेत. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबईचे तिकीट वेगळे काढले असेल तर आदल्या दिवशीचे काढावे. धुक्याने किंवा पावसाने ते विमान चुकले तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही.

आता दोघांचा हिशेब. युरो शंभरीपार गेला आहे, तेव्हा 110 रुपये धरून चालू. लिस्बन 3 रात्री, अलेंतेझुतले जुने एव्होरा 2, दक्षिण किनाऱ्यावरचे तविरा 4 आणि शेवटची 1 पुन्हा लिस्बनला. साध्या अतिथिगृहात लिस्बनला सुमारे 95 युरो, एव्होराला 70, तविराला 65 धरले तर 10 रात्रींचे 780. लिस्बनचा शहरकर माणशी रात्रीला 4 युरो, म्हणजे 32. दोघांचे जेवण-चहा रोज 45 प्रमाणे 450, रेल्वे-बस 140, तिकिटे-प्रवेश 120. एकूण 1,522 युरो, म्हणजे 1 लाख 67 हजारांच्या आसपास. व्हिसाचे 180 युरो मिळवले की 1 लाख 87 हजार. विमान आणि विमा याशिवाय. शेवटची रात्र लिस्बनला ठेवण्याचे कारण तिथल्या रेल्वेचे वरचेवर होणारे संप. फलाटावर ‘ग्रेव्ह’ लिहिलेले दिसले की संप समजावा. विमानाच्या दिवशीच तविराहून येणाऱ्या रेल्वेवर भरवसा ठेवणे धोक्याचे. 65 वर्षांवरील प्रवाशांना तिथली रेल्वे पासपोर्ट दाखवल्यावर निम्म्या भाड्यात नेते, परदेशी असले तरी. एव्होराहून दक्षिणेला मात्र रेल्वे सोयीची नाही, बस घ्यावी. लिस्बनच्या ट्राममध्ये चालकाकडे पैसे दिले तर भाडे जवळपास दुप्पट पडते. प्रवासाचे ‘नव्हेगांत’ कार्ड अर्ध्या युरोला मिळते, माणशी एक लागते. वास्को द गामाची कबर असलेला जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो.

पैसे काढताना ‘मल्टिबांको’ लिहिलेले यंत्र शोधावे. विमानतळावरच्या आणि पर्यटकी गल्ल्यांतल्या निळ्या-पिवळ्या यंत्रांचा दर वाईट. कार्ड ओढल्यावर यंत्र ‘रुपयांत की युरोत?’ असे विचारते, तिथे नेहमी युरो. रुपये दिसले की बरे वाटते, पण तो दर त्यांचा असतो.

जेवायला दुपारचे ‘प्रातु दु दिया’ (त्या दिवसाचे ठरलेले ताट) घ्यावे, 9 ते 12 युरोंत पोट भरते. बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, त्याला ‘कुव्हेर’ म्हणतात. ते फुकट नसते. नको असेल तर हात न लावता परत पाठवावे, न मागवलेल्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. शाकाहारी मंडळींनी ‘सें कार्न, सें पेइश’ (मांस नको, मासे नको) हे दोन शब्दजोड पाठ करावेत, कारण हिरव्या भाजीच्या ‘काल्दु व्हेर्द’ सूपातही सॉसेजची चकती तरंगत असते. बटाटा, पाव, चावी हे शब्द तिकडूनच आपल्याकडे आले आहेत, तेवढ्यावर बाजारातली निम्मी खरेदी उरकते.

आणि डब्याविषयी. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना युरोपीय संघात दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे आपला दुधाचा कुंदा नाही, तूप नाही, पेढे नाहीत. मेमध्ये जाणाऱ्यांनी हापूसची पेटीही घेऊ नये. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, सूट आहे ती केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांनाच. कढीपत्त्याच्या जुड्याही त्याच नियमात अडकतात. भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट यांना अडचण नाही. चटणीचा डबा मात्र केबिनच्या पिशवीत ठेवू नये. तपासणीत तो उघडायला लावतात आणि मग तेल सगळ्या कागदपत्रांवर, उताऱ्याच्या भाषांतरासकट.

आपला,
प्रवासाच्या कागदपत्रांचे काम पाहणारा एक वाचक,
शहापूर, बेळगाव