पाळकबाई, त्या दोनशे पानी वहीसाठी

आदरणीय पाळकबाई,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

आपल्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांची बदली झाली तेव्हा निरोपाच्या दिवशी दोन शब्द बोलायला तुम्ही माझं नाव सुचवलं होतं आणि मी जागची उठलेच नाही. ते राहून गेलेलं आज लिहितेय. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आपल्या नगरच्या मंडळीत तुम्ही काय करत होता हे फार थोड्यांना दिसलं.

पप्पा गेले त्या वर्षी मी उपासनेला यायचे, पण गीत सुरू झालं की तोंडातून शब्द निघायचा नाही. घरी सांजच्या प्रार्थनेला आई माझ्याकडे बघायची आणि मी मान खाली घालायचे. भेटायला येणारे वचनं सांगून जात. तुम्ही आलात, चहा घेतलात आणि जाताना एक दोनशे पानी वही ठेवून गेलात. "तोंडाने होत नाही ना, मग हाताने कर प्रार्थना. आणि छान छान लिहू नकोस."

पहिल्या पानावर मी देवाशी भांडले. ते तुम्हाला दाखवायची लाज वाटत होती. तुम्ही वही उघडलीच नाही, स्तोत्रसंहिता उघडलीत. 13व्या स्तोत्रात दावीद पहिल्याच ओळीत विचारतो, कुठवर? मला कायमचा विसरणार आहेस का? लहानपणापासून कितीदा ऐकलेलं स्तोत्र. पण ती तक्रार आहे, आणि तरी ती पवित्र शास्त्रात आहे, हे मला त्या दुपारी कळलं.

मला बायबलसारखी भाषा येत नाही म्हटल्यावर तुम्ही लक्ष्मीबाई टिळकांचं नाव काढलंत. लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेली ही बाई, आपल्याच नगर-राहुरीकडे संसार केलेली. 1919 मध्ये तिचे यजमान रेव्हरंड टिळक गेले, त्यांचं येशूच्या जीवनावरचं काव्य 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, ते हिने पुरं केलं. आणि आपलं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' तर चुलीपाशी बसून सांगावं तशा मराठीत लिहिलं. "तुझी घरातली मराठी देवाला समजते," असं तुम्ही म्हणालात. त्यानंतर माझ्या वहीत दुधाचा हिशोब आणि प्रार्थना एकाच पानावर यायला लागल्या.

पण खरे आभार मानायचेत ते पुढच्या गोष्टीचे. मंडळीतल्या एका आजींचा हात थरथरायचा. मुलगा पुण्याला. फोन करायचा, पण "बरंय ना?" विचारून ठेवून द्यायचा. तुम्ही मला बुधवारी दुपारी त्यांच्याकडे पाठवलंत: त्या सांगतील ते लिहून दे, आपलं काही घालू नकोस. फार अवघड होतं ते. आजी मध्येच थांबत, रडत, मग कढीपत्त्याच्या झाडाबद्दल सांगत. मी झाडासकट सगळं लिहिलं. तीन आठवड्यांनी मुलाचं चार पानी उत्तर आलं.

तेव्हा तुम्ही बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय काढलात. एवढं मोठं पत्र पौलाचं, पण शेवटाकडे एका ओळीत ते लिहून देणारा माणूस स्वतःचा सलाम सांगतो. उपदेशात ही ओळ मी कधीच ऐकली नव्हती. त्या दिवसापासून दुसऱ्याचं पत्र लिहिताना मला चर्चच्या वेदीपाशी उभं असल्यासारखं वाटतं.

आता बुधवारी आम्ही तिघी जातो. एक मुलगी नववीत आहे, तिची जोडाक्षरं चुकतात, पण ती ऐकते फार छान. आजी मागच्या पावसाळ्यात प्रभूकडे गेल्या. माझी अकरावी वही चालू आहे. गीतही म्हणते आता.

हे पत्र आत्ता आईला वाचून दाखवलं. माझा पण सलाम लिही म्हणाली, म्हणून तिचाही सलाम.

तुमची,
मंडळीतली मुलगी