आई, मंडळ आता पुढच्या हातात दे

ऐरोली, नवी मुंबई

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, "मी अध्यक्षपद सोडलं की मंडळ बंद पडेल." बाबा, तुम्ही मागून काहीच बोलला नाहीत, म्हणजे तुम्हालाही तसंच वाटत असणार. फोनवर वाद घालावासा वाटला नाही, म्हणून लिहिते आहे. आई, हे तू स्वतः वाच, बाबांच्या तोंडून ऐकू नकोस. ते मधली वाक्यं गाळतात.

इथं ऐरोलीत मदर तेरेसांच्या सिस्टर्सचं घर आहे, मागे सांगितलं होतं तुम्हाला. मागेपुढे कुणी नसलेल्या बायका तिथं असतात. सुट्टीच्या दिवशी मी जाते आणि त्यांच्या आखडलेल्या हातापायांना व्यायाम देते. गुरुवारी मात्र जात नाही, तो सिस्टर्सचा प्रार्थनेचा दिवस. तिथल्या सुपिरिअर, म्हणजे घराच्या प्रमुख, पहिल्यांदा मला ओळखूच आल्या नव्हत्या. सगळ्यांची साडी सारखीच, निळ्या काठाची पांढरी, आणि त्या वेळी त्या न्हाणीघराची फरशी घासत होत्या. मध्यंतरी त्यांची बदली झाली. नव्या सिस्टर आल्या. दोघींनी मिळून औषधांचं कपाट लावलं, धान्याची वही पाहिली, कुणाला झटके येतात, कोण रात्री उठून दाराशी जाऊन बसते, हे सगळं एकीनं दुसरीला सांगितलं आणि जुन्या सिस्टर निघाल्या. नव्या ठिकाणी त्या प्रमुख नाहीत, बाकीच्यांसारख्याच एक सिस्टर आहेत असं कळलं.

मला वाईट वाटलं. इतकं सगळं उभं करायचं आणि एका पिशवीनिशी निघायचं! पण तिथल्या सिस्टर्सना त्यात दुःखाचं काही दिसत नव्हतं. मग मी विचारत राहिले, वाचत राहिले, आणि दर वेळी मला तूच आठवत होतीस.

कॅथलिक चर्चचा सध्याचा कायदा १९८३ सालचा. त्यात लिहिलं आहे की धर्मसंघातल्या, म्हणजे व्रत घेतलेल्या अशा सिस्टर्सच्या संघातल्या, प्रमुखांची नेमणूक ठरावीक मुदतीसाठी असावी, आणि त्यांनी अधिकार सेवेच्या भावनेनं वापरावा, आपल्या माणसांचं ऐकून घ्यावं. अपवाद आहेत, पण रीत ही. प्रत्येक घराला सुपिरिअर, त्यावर प्रांताची प्रमुख, आणि सगळ्यांच्या वर सुपिरिअर जनरल व तिचं कौन्सिल. ठिकठिकाणच्या प्रतिनिधी सिस्टर्स जमतात त्या सभेला जनरल चॅप्टर म्हणतात. वरची निवड तिथं मतदानानं होते. मदर तेरेसांच्या संघात ती दर सहा वर्षांनी.

आता खुद्द मदरचं सांगते. ७ ऑक्टोबर १९५० ला कोलकात्यात त्यांच्या संघाला, मिशनरीज ऑफ चॅरिटीला, मान्यता मिळाली तेव्हा मोजक्या तरुण मुली बरोबर होत्या. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं सगळ्याच सिस्टर्स घेतात. मदरनी चौथं जोडलं, गरिबांतल्या गरिबाची मनापासून आणि विनामूल्य सेवा. पुढं चाळीस वर्षं त्याच प्रमुख. १९९० मध्ये हृदयाचं दुखणं वाढलं तेव्हा त्यांनी पद सोडायची इच्छा सांगितली. चॅप्टर भरलं आणि सिस्टर्सनी पुन्हा त्यांनाच निवडलं! म्हणजे "तुमच्याशिवाय कोण?" हा प्रश्न तिथंही होताच, आई. १९९७ मध्येही निवडीला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी १३ मार्चला सिस्टर निर्मलांची निवड झाली.

सिस्टर निर्मला जोशी. नाव ऐकून बाबा नक्की म्हणतील, आपल्याकडच्या कुठल्या? त्या नेपाळी ब्राह्मण घरातल्या, जन्म १९३४ चा, रांचीचा. वडील लष्करात अधिकारी. राज्यशास्त्र शिकलेल्या, कायदाही शिकलेल्या. निवड झाल्यावर त्यांनी काय केलं ते मला फार मोलाचं वाटतं. मला 'मदर' म्हणू नका, असं त्यांनी सांगितलं. त्या सिस्टरच राहिल्या. मदरसारखं होण्याच्या फंदात त्या पडल्या नाहीत, आणि काम थांबलं नाही.

आणि मदर कुठं होत्या? तिथंच, त्याच घरात. त्या वर्षी मे-जूनमध्ये दोघी मिळून रोमला आणि अमेरिकेला जाऊन आल्या. ५ सप्टेंबरला मदर गेल्या. सहाच महिने मिळाले, पण त्या सहा महिन्यांत नव्या प्रमुखाला जुनीचा हात धरून चालता आलं. मी हा भाग पुन्हा पुन्हा वाचला आहे. १९९० मध्येच सिस्टर्सनी ऐकलं असतं तर सहा महिन्यांच्या जागी सहा-सात वर्षं मिळाली असती, असं मला राहून राहून वाटतं.

पुढचं थोडक्यात. निर्मला बारा वर्षं प्रमुख होत्या. २००९ मध्ये मूळच्या जर्मनीच्या सिस्टर प्रेमा आल्या, २०२२ मध्ये केरळच्या सिस्टर मेरी जोसेफ. निर्मला पद सोडल्यावर सहा वर्षं जगल्या, २०१५ मध्ये गेल्या. संस्थापक, मग रांचीत जन्मलेली नेपाळी बाई, मग जर्मन, मग मल्याळी. ऐरोलीतल्या त्या घरात सकाळची अंघोळ, पेज, औषधं यांत यातल्या कुठल्याही बदलानं फरक पडला नाही.

बाकीच्या संघांतल्या सिस्टर्सकडेही असंच. ठाण्यात चिऊच्या शाळेच्या आधीच्या प्रिन्सिपल सिस्टर आता पालघरकडं आदिवासी मुलींच्या वसतिगृहात आहेत, मुलींना गणित शिकवतात. पूर्वी शाळेच्या फाटकाशी त्या दिसल्या की आम्ही पालकही सरळ उभे राहायचो.

आई, तुझं मंडळ तू नुसत्या चार शिलाई मशिनींवर उभं केलंस. बालवाडी, शिवणवर्ग, पोरींसाठी वाचनाची खोली, सगळं तुझं. ते कुणी तुझ्याकडून काढून घेत नाही. पण तुझे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत, आणि चेकवर सही लागते म्हणून कुंभारवाड्यातली ती सून दर वेळी आपल्या घरापर्यंत येते. सकाळी बालवाडीचं कुलूप तीच उघडते ना? खाऊचा हिशेब तीच ठेवते. पंचायत समितीत मात्र तिला कुणी ओळखत नाही, कारण तिथं कायम तूच गेलीस. आता तिला बरोबर घेऊन जा. पहिल्या वेळी तू बोल, दुसऱ्या वेळी तिला बोलू दे आणि तू शेजारी बस. ती तुझ्यासारखं करणार नाही, तिच्या पद्धतीनं करेल, आणि ते तुला बघवलं पाहिजे. मला वाटतं सगळ्यात अवघड तेच आहे. शिवणवर्ग तू सोडू नकोस, तुझ्यासारखं कटिंग अजून कुणाला जमत नाही.

बाबा, तुमचं काम वेगळं. अध्यक्ष बदलल्याचा ठराव सभेत झाला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, द्यावा लागतो. मिनिट बुक, ऑडिटचे कागद, बँकेचं पासबुक आणि मंडळाच्या घटनेची प्रत बाहेर काढून ठेवा. बँकेत सह्या बदलायच्या तर नव्या पदाधिकाऱ्यांचे आधार, पॅन आणि फोटो लागतील. दिवाळीच्या सुट्टीत मी येते, तेव्हा बसून अर्ज भरू. सभेची नोटीस किती दिवस आधी काढायची ते घटनेत बघून मला कळवा.

आणि त्या सुनेला तुम्ही काही सांगू नका. आईनं स्वतः तिच्या घरी जाऊन विचारायला हवं.

तुमची,
थोरली