गिअरबॉक्स उतरवलाय, बाबा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगणार होते, पण बाबा तुम्ही "हं, बघू" म्हणून फोन आईकडं देता, आई जेवलीस का विचारते अन् विषय राहूनच जातो. सर्व्हिसिंगला म्हणून लातूरला आणलेली तुमची बेड-शेगडीवाली गाडी अजून मिस्त्रीकडंच आहे. काल गिअरबॉक्स उतरवला, क्लच नवा टाकतेय. तुम्हाला न विचारता हो म्हणलं, हे चुकलंच माझं, पण विचारलं असतं तर तुम्ही नकोच म्हणला असता.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. 2 लाख 86 हजार किलोमीटर झाले तरी त्यातले निम्मे हायवेचे, टॉप गिअरला पाय क्लचवर जातोच कुठं. खरंय. किलोमीटर मोजून क्लच बदलत नसतेत, कुणाची क्लच प्लेट 60 हजारात जळते, कुणाची 2 लाख ओढते. पण ओळखायचं कसं तेही तुम्हीच शिकवलं ना? सपाट रस्ता, चौथा गिअर, ॲक्सिलरेटर दाबायचा, आवाज वाढला अन् गाडी वाढली नाही की प्लेट घसरतेय. औसा रोडला दोनदा करून बघितलं, इंजिन ओरडतंय आणि काटा 50 वरच. क्लचचं पेडलही पार वर आल्यावर गाडी उचलतेय. ॲडजस्ट करू म्हणाल, तर तेवढी जागाच राहिली नाही.

आणि मांजरसुंब्याचा घाट. पैठणहून येताना वास आला तर तुम्ही म्हणालात पुढच्या ट्रकचा असेल, मग गाडी बाजूला लावून तासभर क्लच थंड व्हायची वाट बघत बसलात, मागं बेडवर आई घामानं ओली, शुगरची गोळी घेतलेली अन् जेवण लांबलेलं. मी इकडं नुसता फोन हातात धरून. तेव्हापासून तुम्ही गाडीत आहात म्हणलं की मला झोप नाही.

जुनी प्लेट मिस्त्रीनं पेपरवर काढून ठेवली होती. बोट फिरवलं तर रिव्हेटची डोकीच लागली, अस्तर त्यांच्या बरोबरीला आलेलं. अजून थोडं गेलं असतं तर रिव्हेटनं फ्लायव्हील, म्हणजे प्लेट टेकते ती इंजिनची चकती, खाल्लं असतं. आत्ता त्याला नुसते निळे डाग पडलेत, चिरा नाहीत, लेथवर साफ करून घेतोय. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही नवीन, कारण मजुरी गिअरबॉक्स उतरवायचीच असते, तो परत परत कोण उतरवणार. इंजिनचं मागचं ऑइल सील पण बदला म्हणलं, तिथनं तेल गळलं की नवी प्लेटही वाया. पैशाचं काढू नका.

आई, तुझा मसाल्याचा डबा, येसर, शेगडी सगळं माझ्या घरी आणलंय, ग्रीसचे हात लागायला नकोत. गादी उन्हात टाकली. समोरची रेणुकामाता मात्र जागेवरच आहे, हलवू नका म्हणून सांगितलंय. तुझ्या गुडघ्यासाठी दाराला एक पायरी जास्तीची लावून घेतेय.

बाबा, केजची गाडी चालवायचात तेव्हा तुम्ही मला शेजारी इंजिनच्या बोनेटवर गोधडी टाकून बसवायचात, खालून चटके बसायचे तरी मी उतरायची नाही. तेव्हा म्हणायचात, चढ लागायच्या आधी गिअर पाडायचा, इंजिन रडायची वाट बघायची नाही. मी तेवढंच केलंय.

आता ऐका. नवी प्लेट बसेपर्यंत पहिले काहीशे किलोमीटर सांभाळून. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरायची नाही, हँडब्रेक ओढायचा. पेडलवर पाय टेकवून चालवायचं नाही. डावा गुडघा दुखतो म्हणून टेकवता, मला माहितेय, मग मला सांगायचं ना. तुमचा हात बिघडला असं मनातही आणू नका, घाटात मला अजून तुमच्याइतका भरवसा कुणाचा नाही. पण हाडाच्या डॉक्टरकडं यायचंय, नंबर मी लावलाय.

माहूरला नवरात्राच्या गर्दीआधीच जा, नांदेडला मुक्काम करा, रात्रीची गाडी नको. गोळ्या आईच्या पर्समध्ये नाही, पुढच्या कप्प्यात ठेवायच्या.

शनिवारी गाडी मीच घेऊन येते. आई, धपाटे करून ठेव, दही मी आणते.

तुमची,
चिमी